सुवर्णयुगाचा कस

सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी समाजाचे मन साहजिकच गतवैभवाकडे वळते. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचा काळ (इ. स. ८१४ ते ८७८) हे आपल्या स्मरणातील असेच एक सुवर्णयुग. आचार्य जिनसेनांनी ८३७ मध्ये पूर्ण केलेली ‘जयधवला’ टीका आणि महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’ ही त्या युगाची देणगी होय.

निरनिराळ्या कसाचे सोने एकत्र आटविल्यास मिश्रणाचा कस किती, याचे गणित ‘गणितसारसंग्रहा’त आहे. तेच त्या युगालाही लावून पाहावे. गंगांशी व वेंगीच्या चालुक्यांशी झालेली युद्धे, सामंतांची बंडे, हे हीणही त्या सोन्यात होते. पुढे ९७२ मध्ये परमार राजा सीयकाने राजधानी मान्यखेट लुटली. वैभव लयास गेले, ग्रंथ उरले.

परंतु ‘जयधवला’ आणि तिच्याआधीची वीरसेनाचार्यांची ‘धवला’ यांच्या ताडपत्रप्रती मूडबिद्रीत शतकानुशतके केवळ दर्शनापुरत्या राहिल्या. अखेर नकला झाल्या आणि डॉ. हीरालाल जैन यांनी संपादिलेला ‘धवले’चा पहिला खंड १९३९ साली अमरावतीहून प्रकाशित झाला. ‘गणितसारसंग्रह’ हिंदी अनुवादासह १९६३ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने काढला. पाठीशी सम्राट नव्हता. विद्वानांचे श्रम आणि श्रावकांचे शास्त्रदान होते. त्या काळास सुवर्णयुग कोणी म्हणत नाही.

आजही अनेक मंदिरांच्या कपाटांत हस्तलिखितांना वाळवी लागत आहे. गतवैभवाचे गुणगान करणाऱ्या आपल्या पिढीचा कस तेथेच लागणार आहे.