पिशवी फेकली, रक्त फसलं

१८५४ साली टोरांटोत कॉलऱ्याची साथ होती. जेम्स बोव्हेल आणि एडविन हॉडर या डॉक्टरांनी मरणाच्या दारात पोचलेल्या रुग्णांच्या शिरेत चक्क गायीचं ताजं दूध सोडलं. दुधातले स्निग्ध कण पुढे रक्तपेशी होतील, असा त्यांचा होरा. आज हसू येतं. पण रक्तगटांचा शोध लागायला तेव्हा निम्मं शतक बाकी होतं आणि माणसाचं रक्त माणसाला देणं हाही जुगारच होता.

रक्ताला पर्याय शोधण्याचा नाद पुढेही सुटला नाही. १९६६ मध्ये लेलँड क्लार्क आणि फ्रँक गोलन यांनी ऑक्सिजनने भरलेल्या परफ्लुरोकार्बन द्रवात उंदीर बुडवले. ते बुडूनही श्वास घेत राहिले! जपानच्या ग्रीन क्रॉस कंपनीने अशाच द्रवांतून फ्लुओसोल हे कृत्रिम रक्त बनवलं. अमेरिकेने १९८९ मध्ये मान्यता दिली ती फक्त अँजिओप्लास्टीपुरती. गोठवून ठेवायचं, वितळवायचं, मग इतर द्रावणं मिसळायची. १९९४ मध्ये ते बाजारातून गेलं.

खरा मोह हिमोग्लोबिनचा. तांबडी पेशी म्हणजे हिमोग्लोबिनने भरलेली पिशवी, आणि रक्तगटाची सगळी भानगड त्या पिशवीच्या बाहेरच्या अंगाला. मग पिशवी टाकून आतला माल तेवढा घ्यावा! गट जुळवायला नको, टिकतंही जास्त, अँब्युलन्समध्ये ठेवता येईल. हिशेब बिनतोड होता.

शरीराला तो पटला नाही. उघडं हिमोग्लोबिन दुभंगतं आणि मूत्रपिंडांवर उठतं. रेणूंना रासायनिक टाके घालून ते बरंचसं आवरलं. पण रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइडही ते गिळून टाकतं. वाहिन्या आवळतात, मॉनिटरवर रक्तदाब चढतो, डॉक्टरांना हायसं वाटतं. अवयव मात्र उपाशीच राहू शकतात. बॅक्स्टर कंपनीच्या हेमअसिस्ट या अशाच हिमोग्लोबिन द्रावणाची अपघातग्रस्तांवरची चाचणी १९९८ मध्ये अर्ध्यावर थांबवावी लागली: ते मिळालेल्या ५२ पैकी २४ जण २८ दिवसांत दगावले, सलाइनवरच्या ४६ पैकी ८.

नॉर्थफील्ड कंपनीच्या पॉलिहीम या तशाच द्रावणाची चाचणी तर अपघाताच्या जागेपासूनच सुरू व्हायची. रक्तबंबाळ माणसाची संमती कोण घेणार? म्हणून ज्याला हे नको असेल त्याने आधीपासूनच मनगटात निळा पट्टा घालून हिंडावं, अशी सोय केली होती. उद्या आपल्याला अपघात होणार म्हणून आज पट्टा घालणारे किती निघणार! नियमात बसलं असेल, पण याला संमती म्हणणं कठीण आहे. पॉलिहीम मिळालेल्यांतलं मृत्यूंचं प्रमाण कमी झालं नाही आणि २००९ मध्ये कंपनीच बंद पडली.

दक्षिण आफ्रिकेने मात्र गायीच्या हिमोग्लोबिनपासून केलेल्या हेमोप्युअरला २००१ मध्येच परवानगी दिली होती.

जपानी संशोधक आता मुदत संपलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन काढतात आणि स्निग्ध पदार्थांच्या सूक्ष्म पिशव्यांत पुन्हा भरतात. माणसांवरच्या त्यांच्या पहिल्या चाचणीत १२ निरोगी पुरुष होते. सर्वांत मोठी मात्रा होती १०० मिलिलिटर.