फ्राइड राइस, बघारे चावल आणि जुन्नरचा भात

घरी फ्राइड राइस केला की मोठी माणसं म्हणतात, ‘हे आपलं नव्हे, चायनीज आहे.’ बिर्याणी केली की शाळेतले सहकारी म्हणतात, ‘तुमची बिर्याणी!’ दोन्ही वाक्यं प्रेमानंच बोलली जातात. पण भात नेमका कुणाचा, हे जुन्नर-आंबेगावात राहून शोधायला गेलं की आपलं-तुमचं फार काळ टिकत नाही.

अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी १४७० च्या आसपास, बहमनी काळात, घोडा विकायला हिंदुस्थानात आला. चौलहून घाट चढून तो जुन्नरला पोहोचला आणि पावसाळ्यात दोन महिने इथंच राहिला. इथल्या असदखानानं त्याचा घोडा जप्त केला आणि धर्म बदलण्याची अट घातली. घोडा सोडवून दिला तो एका खुरासानी मुसलमानानं. हे सगळं त्यानं प्रवासवर्णनात लिहिलंय. पावसात लोक नांगरणी करून गहू, तांदूळ, हरभरा पेरतात, अशी नोंद त्यात आहे. घोड्यांना हरभरा देतात आणि साखर-स्निग्ध घालून शिजवलेली खिचडीही, असंही तो लिहितो.

मलिक अहमदनं जुन्नरला निजामशाही स्थापन केली १४९० मध्ये, आणि शिवनेरीवर शिवजन्म झाला १६३० मध्ये. म्हणजे या दोन्हींच्या आधी जुन्नरच्या तबेल्यात खिचडी शिजत होती. इब्न बतूतानं चौदाव्या शतकातच मूग-तांदळाच्या, तूप घालून खाल्ल्या जाणाऱ्या खिचडीचं वर्णन केलंय. ‘आईन-ए-अकबरी’त खिचडीला तांदूळ, डाळ आणि तूप प्रत्येकी पाच शेर सांगितलंय. शाही मुदपाकखान्यातही खिचडी होतीच.

आता शब्द बघा. ‘बिर्याणी’ आली फारसी ‘बिर्यान’वरून, त्याचा अर्थ तळलेलं, भाजलेलं. म्हणजे ‘फ्राइड’ हा अर्थ आपल्या दस्तरखानावर केव्हाचाच आहे. आपल्या दखनी घरांत दालच्याबरोबर बघारे चावल होतात, आणि हे मुसलमानी खाणं समजलं जातं. पण ‘बघार’ शब्दाचं मूळ संस्कृत ‘व्याघार’ हे आहे, म्हणजे तूप शिंपडणं. शेजारच्या घरी रात्रीच्या भाताला कांदा-मोहरी-हळदीची फोडणी देतात, तो फोडणीचा भात. मसाले वेगळे, पद्धत थोडी वेगळी, चव मात्र एकाच कुळातली.

चिनी फ्राइड राइसचा आधारही उरलेला भातच. गार भातातला स्टार्च घट्ट होतो, म्हणून परतताना दाणे सुटे राहतात. घरी करायचा तर भात जरा फडफडीत शिजवावा, ताटात पसरून लवकर गार करावा आणि फ्रिजमध्ये ठेवावा. तासन्‌तास बाहेर ठेवलेल्या भातात जंतू वाढतात आणि पुन्हा गरम करूनही त्यांचं विष जात नाही. मोठ्या आचेवर तेल तापवून लसूण, गाजर, कोबी, सिमला मिरची भराभर परतावी, मग भात, शेवटी थोडा सोया सॉस. मीठ बेतानंच, कारण सॉसमध्येही ते असतं. आपला आंबेमोहोर किंवा इंद्रायणी घेतला तर दाणे चिकटतात. त्यांची गोडी वरण-तुपातच. फ्राइड राइसला लांब दाण्याचा तांदूळ बरा.

या एका कढईत सोया चीनकडचा आहे आणि सिमला मिरचीचं मूळ अमेरिकेत. निकितिन जुन्नरला आला तेव्हा इथं हिरवी मिरचीसुद्धा नव्हती. ती पोर्तुगीजांबरोबर नंतर आली. मिरची ‘आपली’ झाली, तिला कुणी परकी म्हणत नाही. मग मुलांच्या ताटातल्या फ्राइड राइसनं काय घोडं मारलंय?

‘आपलं’ कुणाचं, हा वाद घालताना एक माणूस राहून जातो: भात पिकवणारा. आहुपे, घाटघर, भीमाशंकरच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी कुटुंबं आजही राब भाजून भाताची रोपं तयार करतात. डिंभे धरणात मूळ आंबेगाव गाव बुडालं, आणि त्या धरणाचं पाणी कालव्यानं पूर्वेकडच्या ऊस-भाजीपाल्याला गेलं. वरच्या खाचरांतला भात पावसाच्याच भरवशावर राहिला. बिर्याणी तुमची की फ्राइड राइस त्यांचा, हे ठरवण्याआधी मुलांना हेही सांगायला हवं. मी वर्गात सांगतो, उर्दूच्या तासालाही आणि मराठीच्याही.