अभय कोणाला?

चिंचवडहून पहाटे निघून नाशिकचा रस्ता धरावा, चाकण आणि राजगुरुनगर मागे टाकावे, मंचरला डावीकडे वळावे आणि घोडेगावावरून डिंभ्याच्या जलाशयाकाठाने भीमाशंकराच्या डोंगरात शिरावे. आम्ही उभयतां गेल्या हिवाळ्यात याच वाटेने गेलो. हेतू एवढाच, की शेकरू पाहावे आणि रानाकाठच्या एका इको लॉजमध्ये दोन रात्री काढाव्यात. माणसाचा हात न लागलेले हे वर्षावन आहे, असे तेथे आम्हांस सांगण्यात आले. हे वाक्य मनात घर करून राहिले, कारण इतिहास त्याच्या नेमके उलट सांगतो.

शेकरूपासूनच आरंभ करू. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३१ मध्ये या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव दिले. लोकांच्या जिभेवर मात्र ते शेकरूच राहिले. हा प्राणी सहसा जमिनीवर उतरत नाही. या झाडावरून त्या झाडावर झेपावत तो जगतो आणि फांद्यांत एकाहून अधिक घरटी बांधतो. म्हणजे त्याला नुसती झाडे पुरत नाहीत, एकमेकांस भिडलेली झाडे लागतात. अशी सलग छाया येथे टिकली, यामागे रान आणि माणूस यांच्यातला जुना करार आहे.

त्या कराराचे नाव देवराई. देवाच्या नावाने राखलेल्या या रानात कुऱ्हाड चालवायची नाही, कित्येक ठिकाणी तर पडलेले वाळके लाकूडही घरी न्यायचे नाही, असा दंडक असे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास मांडला. भोळी श्रद्धा म्हणून जिच्याकडे पाहिले जाई, ती परंपरा जंगल राखण्याची एक व्यवस्थाही आहे, हे त्यांच्या लेखनामुळे शहरातल्या वाचकांस उमगले. भीमाशंकर परिसरात ही व्यवस्था सांभाळणारे लोक मुख्यतः महादेव कोळी. डोंगरउतारावरचे भात आणि रानातला हिरडा यांवर त्यांचा संसार चाले, आजही बराचसा चालतो. हात लागलाच होता, पण तो राखणाऱ्याचा.

आता खालच्या पठाराकडे पाहू. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले आणि भोसरी-चिंचवडची शेते कारखान्यांखाली गेली. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९८५ मध्ये, सुमारे १३१ चौरस किलोमीटरांचे भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले. आम्हांस हा निव्वळ योगायोग वाटत नाही. रान संपत चालल्याची जाणीव आणि रान पाहावयास जाण्याची हौस, दोन्ही औद्योगिक नगराबरोबरच वाढीस लागतात. अभयारण्य हे या नगराचेच धाकटे भावंड होय.

या वाटणीत महादेव कोळ्यांच्या वाट्यास काय आले? घोड नदीवरील डिंभे धरणाने त्यांची गावे व शेते बुडवली. ज्या जलाशयाकाठी गाडी थांबवून आम्ही हौसेने छायाचित्रे काढली, तो हाच. पुढे 'शाश्वत' या संस्थेच्या साथीने विस्थापितांनी त्याच पाण्यात मासेमारी उभी केली आणि उतारावर पडकईची, म्हणजे बांध घालून पायऱ्यापायऱ्यांची, भातखाचरे घडवली. या कामास २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार लाभला. लॉजवरच्या गप्पांत यातले अवाक्षरही आमच्या कानी आले नाही. रान निर्मनुष्य ठरवले, की राखणदारही आपोआप परका ठरतो. मग अभय कोणाला, हा प्रश्न उरतोच.

शेकरू दुसऱ्या दिवशी दिसले. लांब शेपटीचा तोल सावरत ते आमच्या डोक्यावरून पलीकडच्या झाडावर गेले. त्या दोन झाडांमध्ये उद्या वाहनतळ आला, तर ती उडी तेथेच संपेल. आणि तो वाहनतळ आमच्यासारख्यांच्या गाड्यांसाठीच होईल.

परतताना राजगुरुनगरला भीमा ओलांडली. ती त्याच रानात उगम पावते. पुढे चाकणचे कारखाने मागे टाकून मोशीला इंद्रायणी ओलांडली. आमच्या पट्ट्याचे सांडपाणी पोटात घेऊन ती तुळापूरला भीमेस मिळते. डोंगरातले पाणी आम्हांस निर्मळ हवे आणि त्याच नदीस आम्ही परत काय देतो, हे दोन पुलांच्या अंतरात दिसून आले. शेकरू पाहावयास जरूर जावे. मात्र हे घर कोणी राखले, हे पाहुण्याने आधी विचारावे, आणि परतल्यावर आपल्या दारची नदीही एकदा पाहून घ्यावी.