प्रतिज्ञा आणि प्रमाणपत्र

'व्यसनमुक्ती समुपदेशक' हा शब्द आपल्या भाषेत तसा अलीकडचा. शासनाच्या अनुदानपत्रात, संस्थेच्या पाटीवर आणि समाजकार्याच्या पदवीधराच्या अर्जात तो आता सर्रास आढळतो. या समुपदेशकासाठी अभ्यासक्रम आहेत, पुस्तिका आहेत, परीक्षा आहेत, आणि शेवटी प्रमाणपत्र आहे. परभणी जिल्ह्यातल्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने असा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण केला. त्याची वही मी वाचली. मुलगा कष्टाळू, टिपणे स्वच्छ. 'व्यसनमुक्ती कार्याचा इतिहास' या मथळ्याखाली दोन पाने भरलेली होती. त्यात अमेरिकेतले ॲक्रन गाव होते, १९३५ साल होते, अल्कोहोलिक्स अनॉनिमसची स्थापना होती, बारा पायऱ्या होत्या. नागपूर नव्हते. १९५६ नव्हते. ज्या मुलाच्या आजोबांनी दीक्षेनंतर दारू सोडली, त्या मुलाला दारू सोडण्याचा इतिहास ओहायो राज्यातून सुरू होतो असे शिकवले गेले, आणि त्यानेही ते निमूटपणे उतरवून घेतले!

या प्रकाराला कोणा एका व्याख्यात्याचे अज्ञान म्हणून सोडून देता येणार नाही. ज्ञान कोणाचे आणि अनुभव कोणाचा, हा आपल्याकडचा जुनाच प्रश्न येथे नव्या वेशात उभा आहे.

मुळापासून पाहू. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानाच्या तिजोरीत आबकारीचा वाटा मोठा. शिंदीची झाडे सरकारी हिशेबात होती, मक्तेदार होते, दुकाने होती. १३१६ फसलीचा आबकारी कायदा होता. रयतेने पिणे हे राज्याचे उत्पन्न होते. म्हणूनच १९४७-४८ च्या मुक्तिलढ्यात मराठवाड्यातल्या सत्याग्रहींनी शिंदीची झाडे तोडली. त्यामागे व्यसनमुक्तीचा विचार थोडा, निजामाचे उत्पन्न बुडवण्याचा विचार जास्त. त्या लढ्याचा गौरव आपण दर १७ सप्टेंबरला करतो, तो योग्यच. पण झाड तोडले म्हणून पिणाऱ्याचे काय झाले, हे त्या गौरवग्रंथांतून कळत नाही. झाडाची नोंद राहिली, माणसाची राहिली नाही.

आता तीन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. दारू न पिण्याची प्रतिज्ञा त्यांत आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्या राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा मराठवाड्याला लागू झाला तो १९५९ च्या विस्तार कायद्याने. म्हणजे मराठवाड्यातल्या बौद्धांची प्रतिज्ञा आधीची आहे आणि शासनाचा कायदा मागाहूनचा आहे. हा क्रम शाळेच्या पुस्तकात नाही, समुपदेशकाच्या पुस्तिकेत नाही, आणि आपल्या भाषणांतही क्वचितच येतो.

त्याहून महत्त्वाचे असे की, कायद्याच्या मार्गाविषयी बाबासाहेबांचे मत अनुकूल नव्हते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या निवडणूक जाहीरनाम्यात दारूबंदी उठवावी अशी भूमिका आहे. बुडणारा महसूल लोकांच्या शिक्षणाकडे, आरोग्याकडे वळावा, हा त्यामागचा हिशेब. ज्याने १९५१ मध्ये दारूबंदीच्या कायद्याला विरोध केला त्यानेच १९५६ मध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली, हा काहींना विरोधाभास वाटतो. मला तो मुळीच वाटत नाही. पोलिसाच्या दंडुक्याने सोडवलेली दारू आणि माणूस म्हणून उभे राहण्यासाठी स्वतः सोडलेली दारू यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलीत माणूस आरोपी असतो, दुसरीत तो कर्ता असतो.

या प्रतिज्ञेच्या मागे तयारी होती. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शहरात दारूची दुकाने वाढू लागली तेव्हा १८८० मध्ये त्यांनी नगरपालिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहून हरकत घेतली. पुढे भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी वस्तीवस्तीत जाऊन दारू, जुगार, मृत मांस, अंगात येणे यांवर फार्स रचले. गॅसबत्तीच्या उजेडात दारुड्याचे सोंग यायचे, लोक पोट धरून हसायचे आणि हसता हसता आपलेच घर ओळखायचे. आजच्या पुस्तिकेत याला 'जाणीवजागृती' म्हणतात आणि त्यासाठी तक्ते पुरवतात. दीक्षेनंतर महिला मंडळांच्या बायकांनी काय केले ते तर कोणी लिहूनच ठेवले नाही. पगाराच्या दिवशी नवऱ्याच्या वाटेवर उभे राहणे, पंचशील घेताना पाचव्या शीलाशी आवाज चढवणे, पिऊन आलेल्याला विहारात मागे बसवणे पण हाकलून न देणे. हे सारे समुपदेशनच होते. त्याला तो शब्द मिळाला नाही एवढेच.

मात्र येथे आपल्या कार्यकर्त्यांना न रुचणारी एक गोष्ट बोलली पाहिजे. प्रतिज्ञेने ज्याला उभे केले तो उभा राहिला. पण ज्याची प्रतिज्ञा मोडली त्याचे काय, याचे उत्तर चळवळीने तयार केले नाही. तो माणूस दुप्पट अपराधी झाला. घराचा अपराधी आणि बाबासाहेबांचाही अपराधी. जयंतीच्या मिरवणुकीत जो पिऊन नाचतो त्याच्यावर आपण तोंडसुख घेतो. त्याला तोंड दाखवायला जागा उरत नाही, म्हणून तो आणखी पितो. लाज ही चळवळीच्या हातातली फार जुनी पट्टी आहे. ती एकदोनदा लागू पडते, मग घाव चिघळतो.

येथेच प्रशिक्षणाची थोरवी मान्य करावी लागते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर हातपाय कापतात, झटके येतात, भास होतात, प्रसंगी जीवही जातो. त्याला खोलीत कोंडून 'सुधारण्याचा' उपाय हा जिवाशी खेळ आहे. त्याला आधी डॉक्टरकडे न्यावे लागते. पुन्हा घसरणे हे या आजारात नेहमी घडते, त्याची चाहूल आधी लागते, ती ओळखता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा प्रश्नांच्या चाचणीवरून पिण्याची पायरी ठरवता येते. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९८३ पासून मांडलेली प्रेरक मुलाखतीची पद्धत सांगते की उपदेश करू नका, विचारा. माणसाच्या तोंडूनच त्याचे कारण बाहेर येऊ द्या. हे सारे शिकण्यासारखे आहे. आपल्या भाषणबाज परंपरेला तर ते फारच शिकण्यासारखे आहे.

प्रश्न असा की हे प्रशिक्षण कोठून आले आणि येताना काय गाळून आले.

दारू सुटलेल्या माणसालाच समुपदेशक म्हणून पगारी नेमण्याची कल्पना अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९५४ मध्ये आपल्या नोकरशाहीत पद निर्माण करून मान्य केली. विल्मार येथील सरकारी मनोरुग्णालयातल्या प्रयोगातून ती निघाली आणि हेझल्डन या केंद्रात रुजली. पतीच्या मृत्यूनंतर शांती रंगनाथन यांनी हेझल्डनला जाऊन शिक्षण घेतले आणि १९८० मध्ये चेन्नईत (तेव्हाचे मद्रास) टी. टी. रंगनाथन क्लिनिकल रिसर्च फाउंडेशन उभे केले. भारतातल्या असंख्य समुपदेशकांचे शिक्षण तेथे झाले आहे. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केले. पुण्यात अनिल अवचटांच्या गर्दवरील लेखनानंतर पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंच्या देणगीतून १९८६ मध्ये मुक्तांगण निघाले. येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट यांनी ते वाढवले. बरे झालेले रुग्णच तेथे कार्यकर्ते झाले, हे मुक्तांगणचे खरे मोठेपण. पुढे केंद्र शासनाने त्याला प्रादेशिक प्रशिक्षण केंद्राचा दर्जा दिला.

शासन या क्षेत्रात उतरले तेही याच सुमारास. १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा आला, १९८५-८६ पासून स्वयंसेवी संस्थांना अनुदान देण्याची योजना आली. १९९८ मध्ये दिल्लीच्या 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सोशल डिफेन्स' या संस्थेत प्रशिक्षणाचे राष्ट्रीय केंद्र झाले. या संस्थेचे मूळ पाहण्यासारखे आहे. ती १९६१ मध्ये गृहमंत्रालयाखाली, तुरुंग आणि गुन्हेगार-सुधारणेचा विभाग म्हणून जन्मली. १९७५ मध्ये तिला 'समाजरक्षा' हे नाव मिळाले. समाजाचे रक्षण कोणापासून? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या पारधी-कैकाड्यांच्या कपाळावर जन्मतः शिक्का मारला, ज्यांच्या तांड्यावर हातभट्टीच्या नावाने आजही धाड पडते, त्यांनी हे नाव वाचले तर त्यांना काय वाटेल?

आणखी एक. दारूने आपल्या वस्त्या पिढ्यान्‌पिढ्या जळत होत्या तेव्हा प्रशिक्षित माणसाची निकड कोणाला भासली नाही. उलट १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा खडी फोडत असताना, १९७३ मध्ये महाराष्ट्र शासनाने देशी दारूचे नियम केले आणि परवान्याची दुकाने खुली झाली. साखर कारखान्याच्या मळीला गिऱ्हाईक मिळाले. गर्द शहरातल्या सुशिक्षित घरांत शिरली तेव्हा मात्र 'व्यसन हा आजार आहे' हे वाक्य छापून आले. वाक्य खरे आहे. पण खोकला हा आजार आहे म्हणून गिरणीच्या धुराविषयी बोलायचे नाही, असे होत नाही.

बारा पायऱ्यांचेही असेच. त्यांची सुरुवात होते ती दारूपुढे आपण हतबल आहोत या कबुलीने, आणि मग एका वरच्या शक्तीवर स्वतःला सोपवायचे असते. मध्यमवर्गीय अहंकारी पुरुषासाठी ही कबुली औषध ठरत असेल. पण ज्याला हजारो वर्षे 'तू हतबल आहेस' हेच ऐकवले गेले, ज्याने १९५६ मध्ये वरच्या शक्तीलाच रजा दिली, त्याला पहिल्याच दिवशी हे म्हणायला लावणे म्हणजे काय? माझा विद्यार्थी बौद्ध रुग्णांपुढे 'शक्ती'च्या जागी 'संघ' हा शब्द वापरतो. पुस्तिकेत तशी सोय नाही. त्याने ती आपल्या अकलेने केली आहे.

अशी सोय दुसरीकडे संघटितपणे झाली होती. नोव्हेंबर १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समधील लिंकन हॉस्पिटलचा एक भाग ब्लॅक पँथर्स, पोर्तोरिकन तरुणांची यंग लॉर्ड्स ही संघटना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताब्यात घेतला आणि हेरॉइनच्या व्यसनींसाठी केंद्र सुरू केले. वस्तीतलीच मुले, त्यांतली कित्येक स्वतः व्यसनातून उठलेली, तेथे शिकून उपचार करू लागली. उपचाराबरोबर वर्ग चालत: हे विष आपल्याच वस्तीत का येते, त्यात कोणाचा नफा आहे. पुढे तेथे कानाच्या ठरावीक बिंदूंवर सुया टोचण्याची पद्धत विकसित झाली. १९७८ मध्ये महापौर कॉच यांच्या प्रशासनाने पोलीस घालून राजकीय नेतृत्वाला बाहेर काढले. सुया राहिल्या, १९८५ मध्ये त्या पद्धतीचे प्रशिक्षण देणारी संघटना झाली आणि पाच बिंदूंचे ते तंत्र जगभर गेले. राजकीय वर्ग मात्र त्याच्याबरोबर गेले नाहीत. १९७२ मध्ये आपण पँथरचे नाव घेतले, आक्रमकता घेतली, कविता घेतली. लिंकन हॉस्पिटल आपल्या चर्चेत आलेच नाही.

आजची स्थिती काय? केंद्र शासनासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे सोळा कोटी लोक दारू पितात, पावणेसहा कोटींना मदतीची गरज आहे आणि दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळतो. महाराष्ट्राचे व्यसनमुक्ती धोरण २०११ चे. ते ज्या सामाजिक न्याय विभागाकडे आहे त्याच विभागाकडे आपल्या मुलांची शिष्यवृत्ती आहे. दोन्ही उशिरा येतात. समुपदेशक मानधनावर काम करतो आणि अनुदान लांबले की संस्थेचा सचिव त्याला थोडे थांबायला सांगतो.

गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूरकडचा ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन निघतो. उपचार घेऊन परतलेल्या रुग्णाच्या घरी महिन्या-दोन महिन्यांनी भेट द्यावी, असे समुपदेशकाला शिकवलेले असते. तो भेटीला जातो तेव्हा घराला कुलूप असते. माणूस कोपीवर, दोनशे कोसांवर, पहाटे तीनला गाडी भरतो आहे आणि थंडीला उतारा म्हणून मुकादमच बाटली पुढे करतो आहे. अहवालाच्या रकान्यात समुपदेशक लिहितो : 'रुग्ण संपर्कात नाही.' फडावर जाण्याचा प्रवासखर्च त्याच्या संस्थेत मंजूर होत नाही.

माझ्या विद्यार्थ्याला मी एक काम सांगितले आहे. आपल्या भागातल्या, दीक्षेनंतरची पहिली दहा-वीस वर्षे पाहिलेल्या म्हाताऱ्या बायांना गाठायचे आणि कोणी दारू कशी सोडली, कोण पुन्हा घसरला, त्याला कोणी कसे सावरले, हे त्यांच्या शब्दांत उतरवून घ्यायचे. आतापर्यंत चौघीजणी झाल्या. त्यांतल्या एकीने त्याला उलट विचारले, 'तुझ्या त्या कोर्साला मला बसता येईल का रे बाबा?' त्याने अर्जाचा नमुना काढून पाहिला. किमान पात्रता : पदवी.