नाजूकपणाचा आळ

ऑर्किड नाजूक, लहरी, सामान्य घरात न जगणारे, ही समजूत झाडाच्या स्वभावातून आलेली नाही. ती एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या काचघरांनी रूढ केली. 1818 मध्ये लंडनजवळ बार्नेट येथे विल्यम कॅटली यांच्याकडे ब्राझीलचे एक ऑर्किड फुलले. जॉन लिंडली यांनी त्याच्या प्रजातीला ‘कॅटलिया’ हे नाव दिले आणि श्रीमंतांत ऑर्किडचे वेड पसरत गेले. उष्ण प्रदेशातले झाड म्हणजे त्याला उकाडा आणि ओल हवी, असा सरळ हिशेब मांडून भट्ट्या पेटवल्या गेल्या आणि झरोके बंद झाले. मुळे कुजून झाडे मेली, आणि ठपका झाडांवर आला.

हा हिशेब किती चुकीचा होता, ते खासी टेकड्यांतल्या ‘निळा वांडा’ या ऑर्किडप्रकारावरून कळते. 1850 मध्ये जोसेफ डाल्टन हूकर यांना तो उघड्या माळावरच्या ओकच्या झाडांवर, ऊन-वारा झेलत वाढताना दिसला. कोंदट काचघरांशी या जागेचे काहीच साम्य नव्हते, हे त्यांनी प्रवासवर्णनात स्पष्ट नोंदवले. त्यांनी क्यू उद्यानासाठी सात हमालांची ओझी भरून झाडे गोळा केली, पण इंग्लंडला त्यातली फार थोडी जिवंत पोचली. दुसऱ्या एकाचे एका हमालाचे ओझे वाईट अवस्थेत पोचूनही 300 पौंडांना विकले गेले. अशा भावामुळे जंगल ओरबाडणे सोपे आणि झाड समजून घेणे अनावश्यक ठरले.

त्या काळी माहितीच नव्हती, मग माळ्यांना दोष का द्यायचा? आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. चॅट्सवर्थला जोसेफ पॅक्स्टन यांनी तापमान उतरवून, हवा खेळती ठेवून ऑर्किडे जगवली होती. म्हणजे वाट सापडलेली होती. शिवाय अज्ञानाचा काही भाग जाणूनबुजून राखलेला होता. प्रतिस्पर्ध्यांना सुगावा लागू नये म्हणून व्यापारी झाडांची ठिकाणे लपवत, त्यामुळे तिथले हवामानही लपून राही.

दुसरा आक्षेप असा, की आज खिडकीत टिकणारी ऑर्किडे प्रयोगशाळेची देणगी आहेत. ऑर्किडच्या धुळीसारख्या बियांत अन्नसाठा नसतो. त्या रुजायला बुरशीची साथ लागते, हे नोएल बर्नार्ड यांनी 1899 मध्ये ओळखले. लुईस नडसन यांनी 1922 मध्ये साखरयुक्त माध्यमावर बुरशीविना बिया रुजवल्या, आणि 1960 मध्ये जॉर्ज मोरेल यांच्या ऊतीसंवर्धनाने एका झाडाची हजारो रोपे करण्याचा मार्ग मोकळा झाला. यामुळे ऑर्किड स्वस्त झाले आणि जंगलावरचा भार घटायला मदत झाली, हे खरे. फॅलेनॉप्सिससारख्या ऑर्किडला घरातली ऊब मानवते, हेही खरे. पण प्रयोगशाळेने प्रश्न सोडवला तो रोपे वाढवण्याचा, ती जगवण्याचा नव्हे. झाडांवर वाढणाऱ्या ऑर्किडच्या मुळांवरचे स्पंजासारखे आवरण पाणी चटकन शोषते आणि मग त्याला हवा लागते. सतत ओल्या कुंडीत आजचे संकरित रोपही तसेच कुजते.

सह्याद्रीतल्या ऑर्किडांपैकी सीतेची वेणी चार महिने पावसात भिजते आणि पुढे कित्येक महिने कोरड्या वाऱ्यात राहते. अशा झाडाला नाजूक म्हणणे हास्यास्पद आहे. त्याला फक्त स्वतःचे ऋतुचक्र हवे असते. निगा म्हणजे लाड, ही काचघरांची शिकवण होती. ऑर्किड पाळायचे तर आधी ते कुठून आले ते विचारावे. पाणी किती आणि कधी घालायचे, हे त्या उत्तरावरूनच ठरते.