ऐतिहासिक कादंबरीत खरं किती, कल्पना किती? वाचताना आणि शेअर करताना हे लक्षात ठेवा

‘सध्या काय वाचताय?’ हा प्रश्न वाचकांच्या कुठल्याही मराठी ग्रुपवर टाकला, तर उत्तरांत काही नावं हमखास दिसतात. ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘राऊ’, ‘छावा’, ‘पानिपत’. कुणी मुखपृष्ठाचा फोटो टाकतं, कुणी आवडलेला संवाद टाइप करतं.

अडचण पुढे सुरू होते. तो संवाद फॉरवर्ड होत जातो तसं पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव गळून पडतं. उरतं फक्त ‘महाराज म्हणाले’ किंवा ‘पेशवे म्हणाले’. कादंबरीकाराने लिहिलेलं वाक्य इतिहासातला पुरावा म्हणून फिरू लागतं.

ऐतिहासिक कादंबरी म्हणजे काय?

होऊन गेलेला काळ, खरी माणसं किंवा खऱ्या घटना घेऊन रचलेली कथा म्हणजे ऐतिहासिक कादंबरी. इंग्रजीत वॉल्टर स्कॉट यांच्या १८१४ सालच्या ‘वेव्हर्ली’पासून या प्रकाराला लोकप्रियता मिळाली. मराठीत रा. भि. गुंजीकर यांची ‘मोचनगड’ (१८७१) ही पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. त्यानंतर ह. ना. आपटे, नाथमाधव, ना. सं. इनामदार, रणजित देसाई, शिवाजी सावंत, विश्वास पाटील अशी मोठी परंपरा आहे.

सावंतांची ‘मृत्युंजय’ अनेकदा याच यादीत टाकली जाते. ती कर्णावरची, म्हणजे महाभारतावर आधारलेली कादंबरी आहे. तिला पौराणिक कादंबरी म्हणणं जास्त योग्य.

लेखक कल्पनेने काय भरतो?

‘स्वामी’ (१९६२) हे सोपं उदाहरण. पानिपतच्या पराभवानंतर १७६१ मध्ये माधवराव वयाच्या सोळाव्या वर्षी पेशवे झाले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयाने त्यांचं निधन झालं आणि रमाबाई सती गेल्या. हा इतिहास आहे. पण नवरा-बायको एकांतात काय बोलले, याची नोंद कुणी ठेवली नव्हती. ते बोलणं रणजित देसाईंचं आहे. वाचकाला माधवराव जवळचे वाटतात ते बरंचसं याच भागामुळे.

इनामदारांच्या ‘राऊ’मधली (१९७२) मस्तानी हे दुसरं उदाहरण. बाजीरावांचं निधन २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला झालं, ही तारीख नक्की आहे. मस्तानीही त्याच सुमारास गेली, पण तिचा मृत्यू कसा झाला याबद्दल एकमत नाही. जिथे कागद गप्प आहेत, तिथे कादंबरीकाराला बोलावंच लागतं.

कादंबरीचं नाव इतिहास कसं बनतं?

‘गड आला पण सिंह गेला’ हे वाक्य शिवाजी महाराजांचं म्हणून शाळकरी मुलांनाही पाठ असतं. ते घराघरांत पोहोचण्यात ह. ना. आपटे यांच्या याच नावाच्या कादंबरीचा मोठा वाटा आहे.

तानाजी मालुसरे कोंढाणा घेताना फेब्रुवारी १६७० मध्ये धारातीर्थी पडले, हे खरंच. राजाराम महाराजांच्या काळात लिहिलेल्या सभासद बखरीत महाराजांची हळहळही आहे. पण तिथे ‘सिंह’ नाही. एक गड घेतला आणि दुसरा गमावला, अशा अर्थाचे उद्गार आहेत. तानाजींमुळे गडाचं नाव सिंहगड झालं असंही सांगितलं जातं, मात्र हे नाव १६७० च्या आधीच्या पत्रातही आढळतं. तानाजींचा पराक्रम यामुळे तसूभरही कमी होत नाही.

मग बखर म्हणजे खरा इतिहास का?

तेही नाही. मल्हार रामराव चिटणीस यांनी संभाजी महाराजांबद्दल लिहिलं ते महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. शिवाय संभाजी महाराजांनी देहदंड दिलेल्या बाळाजी आवजी चिटणीस यांचे ते वंशज होते. या बखरीतली काळी प्रतिमा पुढे दीर्घकाळ टिकली.

वा. सी. बेंद्रे यांनी अस्सल कागदपत्रांच्या आधारे १९६० मध्ये संभाजी महाराजांचं चरित्र प्रसिद्ध केलं आणि ही प्रतिमा बदलू लागली. कमल गोखले यांच्या संशोधनाने त्यात भर घातली. शिवाजी सावंतांची ‘छावा’ आली ती यानंतर, १९७९ मध्ये. म्हणजे कादंबरी कधीकधी जुन्या बखरीपेक्षा नव्या संशोधनाच्या जवळ असू शकते. ‘कादंबरी म्हणजे खोटं’ आणि ‘बखर म्हणजे खरं’ अशी सरळ वाटणी करता येत नाही.

सिनेमा आला की काय होतं?

कादंबरीवर सिनेमा निघतो तेव्हा कल्पनेचा आणखी एक थर चढतो. ‘छावा’वरचा हिंदी चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये आला. त्यातल्या फितुरीच्या चित्रणावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी माफी मागितली. पुढच्याच महिन्यात मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड परिसरात लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेतं खणू लागले. सिनेमा पाहून तिथे मुघलांचा खजिना पुरलेला असल्याची अफवा पसरली होती.

पोस्ट करण्यापूर्वी काय करावं?

• पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव लिहा. सोबत ‘कादंबरी’ हा एक शब्द टाका. बराचसा गोंधळ तिथेच टळतो.
• कादंबरीतला संवाद ऐतिहासिक व्यक्तीच्या चित्राखाली तिचं वचन म्हणून टाकू नका.
• तारीख, ठिकाण, लढाईचा निकाल या गोष्टी सहज तपासता येतात. मनातले विचार, एकांतातलं बोलणं, स्वप्नं ही लेखकाची समजावी.
• प्रस्तावना वाचा. कोणती साधनं वापरली आणि कुठे मोकळीक घेतली, हे काही लेखक तिथे सांगतात.
• एखादा प्रसंग खरा का, असा प्रश्न पडला तर त्याच विषयावरचं एक चरित्र सोबत वाचा. ‘छावा’सोबत बेंद्रे, ‘पानिपत’सोबत त्र्यं. शं. शेजवलकर.

अनेकांना इतिहासाची गोडी कादंबरीनेच लागते. ‘सध्या काय वाचताय?’च्या उत्तरात कादंबरीसोबत एका चरित्राचंही नाव आलं, तर पोस्ट वाचणाऱ्यालाही पुढची वाट सापडेल.