सिंधूच्या घरातलं मूल

'एकच प्याला' तुम्हाला आठवत असेलच. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणलं. सुधाकर, सिंधू आणि तळीराम ही नावं नाटक न पाहिलेल्यांनाही ठाऊक असतात. बालगंधर्वांची सिंधू पाहून आपल्या पणजोबांच्या पिढीने डोळे पुसले. पण त्या घरात आणखी एक जीव होता, सुधाकर-सिंधूचं तान्हं बाळ. बापाच्या नशेपायी ते दगावतं. त्यामुळे एक प्रश्न नाटकात कधी उभाच राहिला नाही: ते मूल जगलं असतं, चाळीस वर्षांचं झालं असतं, तर कसं असतं?

हा प्रश्न विचारायला जगानेही बराच वेळ लावला. त्याचा इतिहास मुख्यतः अमेरिका-कॅनडातला आहे.

१९३५ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि बॉब स्मिथ हे सर्जन भेटले. दोघेही दारूने बेजार झालेले. त्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' उभी राहिली. तिथे विचार होता तो पिणाऱ्याचा. बायकांचा स्वतंत्र विचार सुरू व्हायला १९५१ उजाडलं. बिलची पत्नी लॉइस हिने तेव्हा 'अल-अ‍ॅनॉन'ची स्थापना केली, कारण नवऱ्याची दारू सुटली तरी आपला राग आणि धसका सुटत नाही, हे तिने स्वतः अनुभवलं होतं. किशोरवयीन मुलांसाठी 'अलाटीन' १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालं. क्रम पाहा: आधी नवरा, मग बायको, शेवटी मूल.

१९६९ मध्ये टोरांटोच्या मार्गारेट कॉर्क यांनी अशा घरांतल्या ११५ मुलांशी बोलून 'विसरलेली मुलं' अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहिलं. मुलांच्या तक्रारीत बाटलीपेक्षा आईबाबांची भांडणं जास्त होती. न पिणारा पालकही दुसऱ्याला सांभाळण्यात इतका गुंतलेला असे, की मुलांना तोही मिळत नसे.

ही मुलं मोठी झाली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये काही तरुणांनी वेगळी बैठक सुरू केली. अलाटीनचं वय उलटलेलं आणि बायकांच्या बैठकीत त्यांना आपलं असं काही सापडेना. पुढच्या काही वर्षांत क्लॉडिया ब्लॅक, शॅरन वेगशायडर आणि जॅनेट वॉयटिट्झ यांची पुस्तकं आली. वॉयटिट्झ यांचं १९८३ चं पुस्तक तर अमेरिकेत खपाच्या यादीत बराच काळ राहिलं.

त्यांनी मांडलेलं चित्र ओळखीचं वाटेल. एक मूल अकाली शहाणं होतं. अभ्यासात पहिलं येतं, धाकट्यांना जेवू घालतं, घराची अब्रू राखतं. दुसरं उनाडक्या करून सगळा राग स्वतःवर ओढून घेतं. तिसरं कोपऱ्यात असं राहतं, की ते घरात आहे हेच कुणाच्या लक्षात येऊ नये. चौथं विनोद करून ताण हलका करतं. लहानपणी या युक्त्या उपयोगी पडतात. पंचविशी-तिशीनंतर त्याच अडचणीच्या होतात. दार जोरात आपटलं की छातीत धस्स होतं. साहेबांचा आवाज चढला की आपलंच चुकलं असं वाटतं. 'नाही' म्हणता येत नाही. सगळं सुरळीत असलं की उलट भीती वाटते.

पण याला दुसरी बाजूही आहे. केनेथ शेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवलं, की अशा वर्णनांतली बरीच वाक्यं कुणालाही आपलीच वाटतात, वर्तमानपत्रातल्या राशिभविष्यासारखी. त्यामुळे यादी वाचून स्वतःवर शिक्का मारू नये. एमी वर्नर यांनी हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा अनेक दशकं मागोवा घेतला. त्यात दारूग्रस्त पालकांची ४९ मुलं होती. अठराव्या वर्षापर्यंत त्यांतल्या ५९ टक्क्यांना कुठलीही गंभीर अडचण आलेली नव्हती. उरलेल्यांचं दुःख त्यामुळे कमी होत नाही. पण बाप प्यायचा म्हणजे मूल बिघडणारच, हे खरं नाही.

कशाने तरली ही मुलं? पहिल्या दोन वर्षांत मिळालेलं लक्ष आणि घरातली शांतता यांचा मोठा वाटा होता. एकूण काउआईच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: तगलेल्या मुलांना घरात किंवा घराबाहेर निदान एक भरवशाचं मोठं माणूस मिळालेलं होतं. कुणाची आजी, कुणाचे शिक्षक, कुणाची शेजारीण.

महाराष्ट्रात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी देणगी दिली होती. व्यसनी माणसासोबत त्याच्या घरच्यांनाही उपचारात सामील करून घ्यायचं, हे तिथे मराठी घरांना प्रत्यक्ष दिसलं.

आता आपल्याकडे वळू. तुमच्यापैकी काहींनी असं घर मागे ठेवून विमान पकडलं असेल. अंतराने घर लांब गेलं, पण फोन वाजल्यावर आईच्या पहिल्या 'हॅलो'वरून आज घरी काय घडलंय ते ओळखायची सवय सोबत आली. ती सवय म्हणजे तुमचा दोष नव्हे. एका लहान मुलाने जगण्यासाठी ती शिकून घेतली होती. शिकलेली गोष्ट सावकाश का होईना बदलता येते, आणि अशा मुलांच्या बैठका व समुपदेशक आज अनेक देशांत आहेत.

दुसरी गोष्ट अधिक तातडीची. गावाकडे अशा मुलाला संध्याकाळी काकूकडे किंवा मामाकडे पळता येत होतं. इथे चार भिंती आणि एक गाडी, तीही पिणाऱ्याच्याच हातात. मंडळाच्या गणेशोत्सवात ते मूल छान नाटुकलं करतं, सगळ्यांची ताटं उचलतं, 'किती गुणी!' म्हणून आपण कौतुक करतो. त्याला काका किंवा मावशी म्हणायला इथे आपणच आहोत. कधीतरी त्याला एकटं गाठून 'घरी बरं आहे ना?' असं विचारा. उत्तर लगेच येणार नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा.